चुन्याची निवळी

"श्वासातला वायू चुन्याच्या निवळीत मिसळला की निवळी दुधाळ होते," बाई फळ्यावर समीकरण जुळवत म्हणाल्या. "डावीकडे जेवढं, उजवीकडे तेवढंच. हरवत काही नाही." तास संपताच मागच्या बाकावरच्या चिमणीने बाटलीभर निवळी मागून घेतली. "डॉक्टर म्हणतात, आईच्या छातीत श्वासच उरला नाही. दाखवतेच त्यांना!" मैत्रिणींनी एकमेकींना डोळे मिचकावले, गुपचूप निवळी ओतून बाटलीत साधं पाणी भरलं. घरी आईने नळी ओठांत धरून हलकेच फुंकलं. पाणी नितळच. "आणखी फुंक ना आई, दूध होईल बघ!" लेकीचा हट्ट मोडवेना, म्हणून आईने उरात होतं नव्हतं ते सगळं पाण्यात ओतलं. आठवड्याने चिमणी शाळेत आली तशा मैत्रिणी खिदळल्या, "काय गं, झालं का दूध?" "नाही. डॉक्टरांचंच खरं. आई फुंकता फुंकताच गेली. बाटली धुऊन आणलीय."