मुळांचा चिखल

"तुमच्या हलगर्जीपणानं मेली ही झाडं, केशरबाई. सोसायटी आता दुसरा माळी बघणार," सेक्रेटरी धांडेसाहेब म्हणाले.

सहा वर्षं ही बाग जपलेल्या केशरबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. लेकीकडे जळगावला जाताना त्यांनीच बजावलं होतं, वैशाखभर या जाड पानांच्या सक्युलंटना हात लावू नका, पाणीही नको. उन्हात ती झाडं पानं मिटतात, लालसर होतात आणि पोटातल्या ओलाव्यावर निजून राहतात. साहेबांना ती मरायला टेकलेली वाटली. त्यांनी आठ दिवस भर दुपारी पाइप सोडला.

केशरबाईंनी एक रोप उपटून त्यांच्या नाकाशी धरलं. मुळांचा चिखल झाला होता. "घ्या वास. तहानेनं मेलेल्याला अशी घाण येते का?"

"अहो, मला दया आली त्यांची."

"माझी नाही आली कधी? दोन उन्हाळे सांगतेय, बागेत प्यायला एक माठ ठेवा. अजून नळाचं कढत पाणी पिते मी."

त्यांनी शाबूत राहिलेली चार पानं अलगद खुडली, तान्ह्याला घ्यावं तशी पदरात घेतली आणि त्या फाटकाकडे वळल्या.

"दुसरा माळी खुशाल बघा. माठ भरलात, तर यांना मुळं फुटल्यावर येऊ आम्ही."