दाराची कड

"ही आमची गाडी नव्हे. आमची हिरवी आहे!" नानांनी फाटकाचा गज दोन्ही हातांनी घट्ट धरला. त्यांना धाप लागली होती, ओठ निळसर पडले होते.

"नाना, तीच आहे. पांढरा रंग दिलाय मी," वैजयंती काकुळतीला आली.

"परक्याच्या गाडीत मी बसायचा नाही!"

हल्ली त्यांना फार विसरायला होई; हिरवा रंग मात्र डोक्यात पक्का बसला होता. दवाखाना गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. लेकीनं हौसेनं बदललेला रंग आता बापाच्या जिवावर उठला होता.

पेंटरनं तेव्हाच बजावलं होतं, "ताई, आतल्या कडाही रंगवून घ्या. नाहीतर दार उघडलं की जुना रंग दिसणार." पण जुना पत्रा घासून, पोचे लांबीनं बुजवून बाहेरून रंगवण्यातच तिची शिल्लक संपली होती. तेव्हापासून चारचौघांत ती दार जेमतेम किलकिलं करायची.

आता तिनं ते सताड उघडलं.

कडेची हिरवी पट्टी उन्हात उठून दिसली. नाना बघतच राहिले. मग गज सोडून पुढे आले, पट्टीवरून बोट फिरवलं आणि निमूट आत बसले.

ती धावत जाऊन स्टिअरिंगवर बसली.

"ताई, गाडी आमचीच आहे," नाना धापा टाकत म्हणाले, "पण तुम्हाला चालवता येते ना?"

तिनं चावी फिरवली.

"येते. वडिलांनी शिकवलीय. ह्याच गाडीवर."