चांदीच्या तळाशी
अंथरुणाला खिळलेल्या आईचा काळवंडलेला चांदीचा पेला ताईने कढत सोड्याच्या पाण्यात, ॲल्युमिनियमच्या फॉइलवर अलगद ठेवला. उद्या धाकटीची रसायनशास्त्राची परीक्षा, आणि ऑक्सिडीकरण-क्षपण काही केल्या डोक्यात शिरत नव्हते. बुडबुडे झोपेतल्यासारखे तरंगत वर आले. पेल्यावरचे काळे आभाळ हळूहळू निवळले. “काळ्या थरातल्या चांदीला इलेक्ट्रॉन मिळाले. हे क्षपण,” ताई म्हणाली. “उजळला बाई पेला, आपल्या हुशार धाकटीसारखा!” आईला बघायला आलेली काकू म्हणाली. जगाची रीतच ती: कौतुक उजळणाऱ्याचे. “पण इलेक्ट्रॉन दिले कुणी?” धाकटीने विचारले. ताईने चिमट्याने फॉइल उचलले. ते निस्तेज, डागाळलेले, जागोजागी विरलेले होते. “यानं. हे ऑक्सिडीकरण.” धाकटी फॉइलकडे पाहत राहिली, मग आईच्या शुश्रूषेसाठी कॉलेज सोडलेल्या ताईच्या भेगाळलेल्या हातांकडे. “परीक्षा संपली की आईपाशी मी बसेन,” ती म्हणाली. “तू परत कॉलेजात नाव घाल.”