आत दुमडलेलं कापड

चिकपेटच्या गल्लीतल्या दुकानात भगवंतराव गेल्या दिवाळीची पँट घालून उभे होते आणि ती पडू नये म्हणून एका हातानं धरून होते. येसाजी शिंप्यानं कमरेशी कापड चिमटीत धरलं आणि तोंडभर हसला.

"सर, एकदम स्लिम झालात की! वॉकिंग चालू केलं काय?"

"हो ना, रोज पहाटे जातात," त्यांच्या बायकोनं, राजलक्ष्मीनं घाईघाईनं सांगून टाकलं. राजाजीनगरातल्या शेजाऱ्यांनाही ती हेच सांगत आली होती. डॉक्टरांनी कॅन्सर म्हटलं ते तिला एकटीला, बाहेर बोलावून. नवऱ्याला तिनं अल्सर सांगितला होता. सोमवारपासून उपचार सुरू व्हायचे होते, तेही अल्सरचेच म्हणून.

भगवंतरावांची सारी हयात शाळेत इंग्रजी शिकवण्यात गेलेली. चुकीचा शब्द कानावर पडला की त्यांना राहवत नसे, मग तो स्वतःबद्दल का असेना.

"येसाजी, स्लिम हा कौतुकाचा शब्द. छान, बांधेसूद बारीक. दुखण्यानं गालफडं बसलेल्या माणसाला इंग्रजीत गॉन्ट म्हणतात." मग बायकोकडे न बघताच ते म्हणाले, "आणि नुसत्या अल्सरनं कुणी इतकं गॉन्ट होत नाही."

इतके दिवस आपण यांना सांभाळतोय असं राजलक्ष्मीला वाटत होतं. आपलीच लाज वाटून ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिली.

येसाजीनं खडूनं खूण केली.

"अक्का, चार बोटं कापड जास्तीचं निघतंय. आत दुमडून शिवू की कापू? ठेवलं तर कमरेला स्वल्प टोचणार."

राजलक्ष्मीला नवऱ्याच्या कमरेची वर आलेली हाडं दिसली. आंघोळीचं पाणी घेतानाही हल्ली ते कण्हत.

"कापा," ती म्हणाली. "त्यांना टोचायला नको."

येसाजीनं कात्री उचलली. भगवंतरावांनी पँट धरलेला हात सोडला आणि कात्रीवर ठेवला.

"कापू नका. टोचलं तर टोचू दे," ते म्हणाले. "पुढच्या दिवाळीला उसवायला लागेल."