मापाचे बूट

सासूबाई एकदा घसरून पडल्या, तेव्हापासून मुलगा त्यांना एकटं फाटकाबाहेर पडू देईना. आज सून त्यांना बूट घ्यायला घेऊन आली, तर एकही जोड पसंत पडेना. हा जड, तो भडक, तिसरा टाचेला टोचतो. दुकानदाराने नवा खोका काढला. वरचं नाव वाचून सासूबाईंनी नाक मुरडलं.

"'कल्टी'? हे कसलं मेलं नाव?"

सुनेला हसू आवरेना. "अहो आई, कल्टी मारणं म्हणजे कुणाला न सांगता हळूच सटकणं."

सासूबाईंनी मुकाट्याने बूट चढवले. दोन पावलं टाकताच चेहरा कसनुसा झाला.

"चावतायत ना?"

"छे! अगदी मापाचे आहेत."

"बांधून देऊ?" दुकानदाराने विचारलं.

"नको, घालूनच जाते."

सुनेने पैसे देऊन मागे पाहिलं, तर सासूबाई रस्त्याच्या कोपऱ्यावरून वळत होत्या.