पूल पडला तेव्हा

पूल पडला तेव्हा आपण कुठे होतो, हे आमच्या पूल-तपासनीस साहेबांना इतकं चोख आठवतं, की ऐकून ऐकून ऑफिसचे कान किटलेत. चहाच्या वेळी कोणी विषय काढायचा अवकाश, साहेब सुरू.

"मंगळवार होता. मी सकाळी नऊपासून मेव्हण्याकडे. पत्ते रंगात आलेले, माझ्या हातात तीन राजे! बरोब्बर अकराला टीव्हीवर बातमी आली, आत्ताच पूल पडला. पुढे कळलं, बावीस माणसं गेली. हातातला डाव हातातच राहिला हो!"

मग रुमालाने डोळे टिपायचे. त्यातलं पाणी बावीस माणसांसाठी किती आणि तीन राजांसाठी किती, हे मी कधी विचारलं नाही.

आज निरोपसमारंभातही त्यांनी माइकवर हीच टेप लावली. सोळा वर्षं त्यांची टायपिस्ट असलेली मी शेजारीच उभी होते. सकाळी त्यांचं कपाट रिकामं करताना अगदी तळाशी सापडलेला एक कागद माझ्या पर्समध्ये होता.

"साहेब, अकरा म्हणजे नक्की अकराच ना?" मी विचारलं.

"अगं, भिंतीवरचं घड्याळ बघितलंय मी! मेव्हण्याला विचार, तो काय समोरच बसलाय."

मेव्हण्याने जोरात मान हलवली. मी माइक घेतला आणि साहेबांच्याच अक्षरातला, त्यांच्याच सहीचा, त्याच मंगळवारचा अहवाल वाचला.



"आज सकाळी साडेदहा ते साडेअकरा पुलावर स्वतः फिरून तपासणी केली. पूल सुस्थितीत आढळला."