जास्त दळल्याचा ठपका

“ही गिरणी अपात्र,” वीज कंपनीचे अधिकारी कागदावरून नजर न उचलता म्हणाले. “वीज वाचवणारी मोटर बसवूनही महिन्याचा वापर वाढलाय. उरलेलं अनुदान मिळणार नाही.”

हौसाबाईंनी पदराने कपाळावरचे पीठ पुसले. “साहेब, शेजारच्या दोन गावांची दळणं आता माझ्याकडं येतात. वापर वाढणारच की!”

“मग दळणं कमी घ्या.”

हा तर्क निर्दोष होता. गिरणीला कुलूपच लावले असते, तर ती जिल्ह्यात आदर्श ठरली असती.

योजनेच्या मूल्यमापनासाठी विद्यापीठाने मला नेमले होते. अंतिम सही माझी होती. भंगारात जायची राहिलेली जुनी मोटर कोपऱ्यात पडून होती. मी ती पुन्हा जोडायला सांगितली. एक पोते ज्वारी तिच्यावर दळली, तेवढीच नव्या मोटरीवर. मीटरचे आकडे अधिकाऱ्यांनाच मोठ्याने वाचायला लावले. दुसऱ्या वेळी त्यांचा आवाज बराच खाली आला.

“पोत्यामागे चौथाई वीज वाचते,” मी म्हटले.

“पण तक्त्यात धान्याला रकानाच नाही.”

मी पेन उघडले, मोकळ्या समासात सरळ रेघ ओढली आणि वर लिहिले, ‘दळलेले धान्य’. “आता आहे. त्याखाली ‘पात्र’ लिहा. उरलेल्या गिरण्याही अशाच मोजू.”

त्यांनी लिहिले.

“सरका आता, साहेब,” हौसाबाई म्हणाल्या. “तुमच्यापायी पाच डबे खोळंबलेत.”